जुना डबा, नवा प्रोसेसर

ॲपल-टू हा संगणक आकाराला येत होता तेव्हा स्टीव्ह वोझ्नियाक आणि स्टीव्ह जॉब्ज या दोघा मित्रांचं एका बाबतीत काही केल्या जमेना. मदरबोर्डवर स्लॉट किती ठेवायचे? जॉब्जच्या मते दोन पुष्कळ झाले. एकात प्रिंटरचं कार्ड, दुसऱ्यात मोडेमचं; घरच्या माणसाला आणखी लागतं काय? वोझ्नियाकला आठ हवे होते. तुला दोनच हवे असतील तर दुसरा संगणक शोध, असं त्याने मित्राला सुनावलं आणि १९७७ साली ॲपल-टू आठ स्लॉट घेऊनच बाजारात आला. पुढे लोकांनी त्यांत फ्लॉपी ड्राइव्हचं कार्ड बसवलं, जादा मेमरी बसवली, पडद्यावर चाळीसऐवजी ऐंशी अक्षरांची ओळ दाखवणारं कार्ड बसवलं. १९८० मध्ये तर मायक्रोसॉफ्टने असं एक कार्ड काढलं, ज्याच्यावर झेड-८० हा परका प्रोसेसरच होता. ते बसवलं की ॲपलवर दुसऱ्या घराण्यातली सॉफ्टवेअर चालायची. ॲपल-टूच्या वंशातली यंत्रं १९९३ पर्यंत विकली जात होती.

जॉब्जने आपली हौस १९८४ मध्ये भागवून घेतली. मॅकिन्टॉशमध्ये एकही स्लॉट नव्हता. १२८ किलोबाइट मेमरी बोर्डावर डाखच देऊन पक्की केलेली, आणि खोकं उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागायचा. त्याच वर्षी सप्टेंबरात चौपट मेमरीचा मॅकिन्टॉश आला. जानेवारीत २,४९५ डॉलर मोजून पहिला नेणाऱ्यांना आता मेमरी वाढवायची तर मुख्य बोर्डच बदलून घ्यावा लागणार होता.

या दोन टोकांच्या मध्ये आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पीसी आणला होता. फ्लोरिडातल्या बोका रॅटन गावी डॉन एस्ट्रिज याच्या हाताखालच्या छोट्या चमूने तो वर्षभरात उभा केला. घाई इतकी, की बहुतेक सुटे भाग बाहेरूनच घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ, स्लॉट पाच. कंपनीने एक तांत्रिक पुस्तिकाही विकायला ठेवली, तीत सर्किटच्या आकृत्या छापलेल्या होत्या. कुणीही उठावं आणि त्या स्लॉटात बसेल असं कार्ड बनवावं! लोकांनी कार्डं बनवलीच, पुढे संगणकही बनवले. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळ लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावर, कॅबिनेट एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्यातून आणि हार्डडिस्क तिसऱ्यातून घेऊन जो ‘असेंबल्ड’ पीसी जोडला गेला, त्याची मुळं त्या उघड्या आराखड्यात आहेत.

नवा संगणक घेताना आपण प्रोसेसरचं नाव विचारतो, रॅम विचारतो, आणि दुकानदार ती विचारायच्या आधीच सांगून टाकतो. त्या यंत्रात पुढे काय बसू शकेल हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. या प्रकरणात मी त्याच दुर्लक्षित बाजूने बोलणार आहे. सुटा भाग जुना होतो त्याच्या आधी पुष्कळदा त्याला सामावून घेणारी जागा जुनी झालेली असते, आणि घरातल्या यंत्राचं आयुष्य ती जागा ठरवते.

पण आधी वेगाबद्दल. गॉर्डन मूर याने एप्रिल १९६५ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स’ या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. सर्वांत स्वस्त पडेल अशा चिपवर किती घटक मावतात याचा आकडा दरवर्षी दुप्पट होतोय आणि १९७५ पर्यंत तो ६५,००० वर जाईल, असा त्याचा अंदाज होता. १९७५ मध्ये त्याने स्वतःच दुपटीची मुदत दोन वर्षांवर नेली. वर्तमानपत्रांत हटकून छापून येणारे अठरा महिने मूरचे नव्हेत. ते इंटेलमधल्या डेव्हिड हाउस याचे. माझ्या मते त्या लेखातला खरा कळीचा शब्द ‘स्वस्त’ हा होता. प्रयोगशाळेत काय शक्य आहे यापेक्षा कारखान्यात काय परवडेल याचा तो अंदाज होता, म्हणून तर तो थेट आपल्या बैठकीच्या खोलीपर्यंत येऊन पोचला. १९७१ च्या इंटेल ४००४ वर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते, १९८५ च्या ३८६ वर पावणेतीन लाख, १९९३ च्या पेंटियमवर ३१ लाख.

पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा होता. ६ मार्च २००० रोजी एएमडीने १,००० मेगाहर्ट्झचा ॲथलॉन जाहीर केला, आणि दोन दिवसांनी इंटेलनेही तोच टप्पा गाठल्याचं सांगितलं. सात वर्षांत पंधरा पट. घरी संगणक घेणाऱ्याची त्या काळात जी फरफट झाली ती या आकड्यातून समजते. कर्ज काढून, दिवाळीचा बोनस घालून घेतलेलं यंत्र पुढच्या दिवाळीला दुकानाच्या यादीतून गायब झालेलं असायचं. शेजाऱ्याने सहा महिने थांबून तेवढ्याच पैशांत दीडपट वेगाचं यंत्र आणलं की घरात टोमणे सुरू व्हायचे. आणि गंमत अशी, की जुनं यंत्र कालच्याइतकंच वेगवान होतं. त्याच्यात काहीच बिघडलेलं नसायचं.

मग ते मंद का वाटायचं? कारण त्याच्यावरचं ओझं वाढलेलं असायचं. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं. चार मेगाबाइट मेमरी किमान, आठ असली तर बरं, असं कंपनी सांगे. चार मेगाबाइटवर ते सुरू व्हायचं खरं, पण एखादं पत्र टाइप करायला उघडलं की हार्डडिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नसे. २००१ च्या एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट लागले, २००७ च्या व्हिस्टाला ५१२, आणि २०२१ च्या विंडोज ११ ला चार गिगाबाइट. सव्वीस वर्षांत किमान अटीचा आकडा बरोबर १,०२४ पट झाला. पास्कल या भाषेचे जनक निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच तक्रार केली होती, की हार्डवेअर जितक्या लवकर वेगवान होतं त्यापेक्षा लवकर सॉफ्टवेअर मंद होतं. विर्थ स्वभावाने काटकसरी होते आणि त्यांच्या तक्रारीत थोडी अतिशयोक्ती आहे. आजच्या सॉफ्टवेअरच्या स्थूलपणाचा काही भाग मराठी अक्षरं नीट जुळवण्यावर, चित्रफिती दाखवण्यावर आणि दरोडेखोरांपासून बचाव करण्यावर खर्च होतो. सगळाच काही आळस नसतो.

विंडोज ९५ च्या त्या न विझणाऱ्या दिव्याकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण घरच्या अपग्रेडचं निम्मं शास्त्र तिथे आहे. मेमरी पुरेना की विंडोज तिच्यातला काही मजकूर हार्डडिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. मेमरीतून एखादी गोष्ट आणायला सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग लागतो. फिरत्या हार्डडिस्कवरून आणायची तर तिची सुई योग्य जागी जायची आणि तबकडीचा हवा तो भाग सुईखाली यायचा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कलाही एका फेरीला आठ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. दोन्ही धरून सेकंदाचा साधारण शंभरावा भाग. म्हणजे डिस्क मेमरीपेक्षा लाखपट हळू. मेमरीने एका सेकंदात दिलेली वस्तू डिस्कने द्यायची तर आजची मागितलेली उद्या दुपारपर्यंत मिळेल, असा तो हिशेब आहे. प्रोसेसर कितीही शूर असो, तेवढा वेळ तो हात चोळत बसतो.

जीन अॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये जे गणित मांडलं ते मुळात अनेक प्रोसेसरच्या यंत्रांसाठी होतं, पण घरच्या अपग्रेडलाही ते तंतोतंत लागू पडतं. समजा संगणक सुरू होऊन कामाला लागायला साठ सेकंद घेतो. त्यांतले पंचेचाळीस डिस्कची वाट पाहण्यात जातात आणि पंधरा प्रोसेसरच्या कामात. तुम्ही भरपूर पैसे मोजून दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला. पंधराचे साडेसात झाले, एकूण साडेबावन्न. घरातल्या कुणाच्या लक्षातही यायचं नाही. त्याऐवजी दहापट वेगाची डिस्क आणली असती तर पंचेचाळीसचे साडेचार, एकूण साडेएकोणीस सेकंद. म्हणून काय बदलायचं हे ठरवण्याआधी यंत्र वाट कुणाची पाहतंय हे शोधावं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे टक्के शेजारीशेजारी दिसतात. नेहमीचं काम करताना त्यांतला कोणता शंभराला टेकतो ते दोन-चार दिवस बघितलं तरी दुकानदाराशी बोलताना बळ येतं.

नव्वदच्या दशकात उत्तर बहुतेक वेळा मेमरी हेच असायचं, आणि मेमरी महाग होती. तिच्या महागाईला कधी कधी विचित्र कारणं असत. जुलै १९९३ मध्ये जपानच्या नीहामा गावात सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवर जे काळं आवरण असतं त्यासाठी लागणारी खास राळ तिथे बनायची, आणि जगाची निम्म्याहून जास्त गरज तो एक कारखाना भागवत होता. काही दिवसांत मेमरीचे भाव उसळले. पुढे विंडोज ९५ च्या आशेने कंपन्यांनी उत्पादन इतकं वाढवलं, की १९९६ मध्ये भाव धाडकन कोसळले. त्या वर्षी ज्यांनी आठचे सोळा मेगाबाइट केले, त्यांना नवीन संगणक घेतल्याचा आनंद मिळाला. पेंटियमवर मेमरीच्या पट्ट्या जोडीने बसवाव्या लागत. एकच नेली तर यंत्र सुरूच व्हायचं नाही.

प्रोसेसर बदलणं हा मात्र निराळाच खेळ होता. मदरबोर्डवर जंपर नावाच्या चिमुकल्या टोप्या असत. बसचा (म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या बोर्डाशी जोडणाऱ्या वाटेचा) वेग, गुणक आणि व्होल्टेज या तीन गोष्टी त्या टोप्या इकडून तिकडे हलवून ठरवायच्या. पुस्तिका हरवली की खेळ खल्लास. जानेवारी १९९७ मध्ये पेंटियम एमएमएक्स आला तेव्हा जुना पेंटियम काढून तो बसवावा असं अनेकांच्या मनात आलं. भोकं जुळत होती, पिना आत जात होत्या. पण जुना पेंटियम आत-बाहेर सगळीकडे एकाच, ३.३ व्होल्टच्या आसपासच्या दाबावर चालायचा. एमएमएक्सला गाभ्यासाठी २.८ आणि बाहेरच्या संपर्कासाठी ३.३ असे दोन वेगळे दाब लागत. जुन्या बोर्डांना असे दोन दाब पुरवता येत नसत.

वीस वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा घडला. इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर ऑक्टोबर २०१७ मध्ये आले, सॉकेट त्याच ११५१ संपर्कबिंदूंचं. पण आदल्या पिढीच्या बोर्डांवर ते अधिकृतपणे चालत नव्हते. नवा बोर्ड घ्यावा लागे. त्याच वर्षी मार्चमध्ये एएमडीने रायझेन प्रोसेसर आणि एएम४ सॉकेट बाजारात आणलं आणि ते वर्षानुवर्षं टिकवलं. इतकं, की एप्रिल २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स३डी हा प्रोसेसर २०१७ च्या कित्येक बोर्डांवर, बायॉस (बोर्डाला जागं करणारं मूळ सॉफ्टवेअर) तेवढं अद्ययावत केलं की बसतो. हेही सहजी झालं नाही. बऱ्याच बोर्डांवर बायॉस साठवायची चिप सोळा मेगाबाइटची, आणि पाच वर्षांतल्या सगळ्या प्रोसेसरची माहिती तिच्यात मावेना. मे २०२० मध्ये कंपनीने जुन्या काही बोर्डांना पुढची पिढी चालणार नाही असं जाहीर केलं, ग्राहक खवळले, आणि त्याच महिन्यात तिला माघार घ्यावी लागली. घरगुती ग्राहकांच्या आरडाओरड्याने सॉकेटचं आयुष्य वाढल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पुन्हा मागे जायचं तर, नव्वदच्या दशकातल्या हौशी मंडळींचा दैवी चमत्कार म्हणजे ऑगस्ट १९९८ मधला सेलेरॉन ३००ए. अमेरिकेत १४९ डॉलरचा हा स्वस्त प्रोसेसर, गुणक साडेचार, बस ६६ मेगाहर्ट्झ; गुणाकार तीनशे. त्याच्या पोटात १२८ किलोबाइट कॅश होती आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालायची. बोर्डावर बसचा वेग शंभरवर नेला की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर धावायचा, आणि बहुतेक नग हे बिनतक्रार सोसत. इतक्या वेगाचा अस्सल पेंटियम-टू कित्येक पट महाग होता. अशा वेळी लबाडीही होणारच. कमी वेगाच्या चिपवरचा शिक्का खरवडून वरच्या वेगाचा मारायचा धंदा तेव्हा जगभर चालायचा, आणि गुणक कारखान्यातच कुलूपबंद करण्यामागे हेही एक कारण होतं.

स्लॉटांच्या या गोष्टीत एक पान पुण्याचं आहे. डॉसच्या काळात पीसीला देवनागरी येत नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी सी-डॅकमध्ये पुण्याला पुढे नेलं आणि जिस्ट कार्ड तयार झालं. ते पीसीच्या स्लॉटात बसवायचं. मग इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रॅममध्येही पडद्यावर मराठी उमटायचं. जोडाक्षरं जुळवायचं काम प्रोसेसरवर न टाकता ते कार्डच करायचं. सरकारी कचेऱ्यांत मराठी संगणकावर आली त्यात या कार्डाचा मोठा वाटा आहे. पुढे प्रोसेसर इतके सशक्त झाले, की हे काम सॉफ्टवेअरने अंगावर घेतलं. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोडमधून थेट आली आणि कार्डाची गरज संपली. मोडेम, आवाजाचं कार्ड, नेटवर्क कार्ड यांचंही हेच झालं. एकेक करून सगळी मदरबोर्डवर चढली आणि स्लॉट ओस पडत गेले. तग धरला तो ग्राफिक्स कार्डाने, आणि त्याने इतकं बाळसं धरलं की आता त्याच्यासाठी एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबाही तगडा घ्यावा लागतो. ग्राफिक्स कार्ड घेताना किमतीत नव्या एसएमपीएसचे पैसे धरायला लोक विसरतात.

२००४ साली खेळाचे नियम बदलले. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डने १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं तर तेवढ्याच जागेत निघणारी उष्णता वाढत नाही. तीस वर्षं हे गणित चाललं. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, आणि व्होल्टेज आणखी उतरवायला जागा राहिली नाही. १९९३ चा पेंटियम पंधराएक वॅट खायचा. २००४ च्या पेंटियम-४ ने शंभरी ओलांडली. चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर देऊ असं इंटेलने कबूल केलं होतं. ऑक्टोबर २००४ मध्ये ते रद्द झालं आणि क्रेग बॅरेट या मुख्याधिकाऱ्याने एका परिषदेत गमतीने गुडघे टेकून माफी मागितली. त्या वर्षी सर्वांत वेगवान पेंटियम-४ होता ३.८ गिगाहर्ट्झचा. आज, दोन दशकांनी, घरगुती प्रोसेसर जेमतेम सहा गिगाहर्ट्झला थोडा वेळ स्पर्श करून येतात. ट्रान्झिस्टर वाढतच राहिले. ते आता दोन, चार, आठ, सोळा गाभ्यांत वाटले जातात. चित्रफीत संकलन करणाऱ्याला सोळा गाभ्यांचा उपयोग होतो. सातबारा डाउनलोड करून छापणाऱ्याला होत नाही.

म्हणूनच २००४ नंतर घेतलेली यंत्रं अचानक जास्त टिकू लागली. २०१० चा बरा पीसी २०२० मध्येही घरात चालू असायचा, १९९० च्या पीसीबाबत २००० मध्ये अशी कुणी कल्पनाही केली नसती. आणि या म्हाताऱ्यांना नवं आयुष्य दिलं ते प्रोसेसरने नव्हे, एसएसडीने. इंटेलची एक्स२५-एम ही घरगुती एसएसडी २००८ मध्ये आली तेव्हा ८० गिगाबाइटला ५९५ डॉलर पडायचे. तिच्यात फिरणारं काही नाही, सुई नाही. हवी ती गोष्ट सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपास हातात. वर सांगितलेल्या हिशेबात ‘उद्या दुपार’ची सतरा मिनिटं झाली. शिवाय ती साध्या साटा जोडणीवर चालते, आणि साटा २००३ पासून तशीच आहे. पंधरा वर्षांच्या जुन्या यंत्राला आजची साटा एसएसडी निमूट बसते. आजवरच्या घरगुती अपग्रेडमध्ये पैशाला इतकं मोल दुसऱ्या कशाने दिलं असेल असं मला वाटत नाही. यापुढच्या एनव्हीएमई डिस्क कागदावर सहापट, बारापट वेगाच्या असतात. मोठमोठ्या फायली हलवणाऱ्याला तो फरक जाणवतो, बाकीच्यांना फारसा नाही. अॅमडालचं गणित इथेही सुटत नाही.

स्लॉट जुळला तरी आकड्यांच्या भिंती आडव्या येतात. १९९४ च्या सुमाराचं बायॉस ५२.८ कोटी बाइटांपलीकडची हार्डडिस्क ओळखत नसे. कारण सिलिंडर १,०२४, हेड १६, सेक्टर ६३ आणि प्रत्येकात ५१२ बाइट यांचा गुणाकार तिथेच थांबतो. ती भिंत ओलांडली तर ८.४ गिगाबाइटला दुसरी, मग १३७ ला तिसरी, आणि जुन्या पद्धतीने भाग पाडलेल्या डिस्कला दोन टेराबाइटच्या किंचित पुढे चौथी. मेमरीची भिंत चार गिगाबाइटला होती. ३२ बिटांत त्यापुढचे पत्तेच लिहिता येत नाहीत. त्यातले काही पत्ते ग्राफिक्स वगैरेंसाठी राखीव. चार गिगाबाइट बसवून पडद्यावर सव्वातीन दिसल्यावर दुकानदाराशी भांडलेली पुष्कळ माणसं आहेत. दुकानदार बहुधा निर्दोष होता. रॅमच्या पट्ट्यांच्या पिढ्याही डीडीआर, डीडीआर२ पासून डीडीआर५ पर्यंत एकमेकींत बसत नाहीत. प्रत्येकीची खाच मुद्दाम थोडी सरकवलेली असते, ती दांडगाई करणाऱ्यांसाठी. कोकणातल्या दमट हवेत रॅम बसवूनही यंत्र सुरू झालं नाही तर पट्टीचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलकेच घासून पाहावे. दुरुस्तीवाले पहिल्यांदा तेच करतात, आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

आताची भिंत वेगळ्या जातीची आहे. विंडोज ११ ने ऑक्टोबर २०२१ मध्ये टीपीएम २.० या सुरक्षा चिपची आणि, इंटेलच्या बाबतीत, साधारण आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरची अट घातली. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी आणखी वर्षभराची सोय ठेवली गेली. सहाव्या-सातव्या पिढीचा, सोळा गिगाबाइट मेमरी आणि एसएसडी असलेला पीसी आज घरची सगळी कामं आरामात करतो, आणि तरी तो यादीत नाही. १९९५ चा पीसी दमला म्हणून बाद व्हायचा. हा दमलेला नाही, ह्याला दारातच अडवलंय. अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स घालता येतं. ब्राउझर, ऑफिस, मराठी टायपिंग सगळं चालतं. अडतात ते काही हिशेबाचे प्रोग्रॅम आणि डिजिटल सहीची साधनं. घरात त्यांची गरज नसेल तर मी आधी लिनक्स घालून महिनाभर बघेन. नव्या पीसीचे पैसे कुठे पळून जात नाहीत.

लॅपटॉपबद्दल फार सांगण्यासारखं उरलेलं नाही. पातळपणाच्या नादात मेमरी पुन्हा बोर्डावर डाखली गेली. ॲपलच्या २०२० च्या एम१ पासून तर ती प्रोसेसरच्या पाकिटातच आली. त्याने वीज वाचते आणि वेगही मिळतो, हे मान्य. पण मग आठ गिगाबाइट घ्यायचे की सोळा हा निर्णय दुकानातच, एकदाच करायचा असतो. असा लॅपटॉप घेताना मेमरी गरजेच्या दुप्पट घ्यावी, डिस्क मात्र खुशाल कमी घ्यावी. जादा डिस्क बाहेरून जोडता येते.

थांबलं की स्वस्त मिळतं, हा घरगुती संगणकाच्या बाजाराचा जुना अनुभव. तो सगळ्याच वर्षी खरा ठरलेला नाही. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला, हार्डडिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्डडिस्क महागल्या. २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादन आपल्याकडे ओढून घेतलं. कंपन्या डीडीआर४ बनवणं आवरतं घेत होत्या, त्यामुळे वर्षाच्या मध्याला जुनी डीडीआर४ नव्या डीडीआर५ पेक्षा महाग विकली गेली. डिसेंबरात मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँड बंद करायचं ठरवलं. तो सुरू झाला होता १९९६ मध्ये, मेमरीचे भाव कोसळले त्याच वर्षी. म्हणून बंद पडलेला पीसी भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी कॅबिनेटचं झाकण उघडावं, डिस्क काढून आपल्याकडे ठेवावी, कारण तिच्यात पॅन कार्डापासून लग्नाच्या फोटोंपर्यंत सगळं असतं, आणि रॅमच्या पट्ट्यांवर डीडीआर४ लिहिलंय का ते वाचावं. लिहिलं असेल तर त्या पट्ट्यांचीच बोली आधी करावी. उरलेल्या डब्याला फार तर पत्र्याचा भाव येईल.